मापातले ४५ मिलिलिटर : एका दूध संस्थेचे प्रकरण

पहाटे साडेपाचला दूध संकलन केंद्राचे शटर वर जाते, तेव्हा बाहेर किटल्यांची रांग आधीच लागलेली असते. काट्यावर ठेवलेल्या भांड्यात दूध ओतले जाते, लाल आकडे क्षणभर खालीवर होतात आणि १.३८ वर स्थिरावतात. शेजारच्या छोट्या यंत्रातून पावती निघते. तिच्यावर छापलेले असते १.३ लिटर. दूध घालणारी वृद्ध बाई ती पावती पदराच्या गाठीत बांधते आणि मागच्या माणसाला जागा करून देते. मधले ८० मिलिलिटर कुठे गेले, हा प्रश्न त्या रांगेत कित्येक वर्षे कुणी मोठ्याने विचारला नव्हता.

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करतो. ही संस्था पश्चिम महाराष्ट्रात, कृष्णेच्या खोऱ्यातील एका गावात आहे. तिचे आणि तिथल्या माणसांचे नाव मी देत नाही आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे पूर्ण केले आहेत. हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले याचे कारण असे की, नीतिमत्तेची चर्चा आपण बहुधा मोठ्या घोटाळ्यांच्या निमित्ताने करतो; सामान्य माणसाचा तिच्याशी संबंध मात्र पावतीवरच्या दशांशात, सुट्ट्या पैशांत आणि हजेरीपटावरच्या सहीत रोज येतो. इथे कुणी तिजोरी फोडलेली नाही. किंबहुना यात वाईट म्हणावा असा एकही माणूस मला आढळला नाही, आणि तरीही १४० घरांचे रोज थोडे थोडे नुकसान होत होते.

संस्थेचा व्यवहार

संस्थेला रोज दोन्ही वेळा दूध घालणारे सभासद सुमारे १४० आहेत. सगळे दूध गाईचे, रोजचे संकलन ९०० लिटरच्या आसपास. सकाळ-संध्याकाळ मिळून काट्यावर २८० वेळा दूध मोजले जाते. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेऊन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांची टक्केवारी तपासली जाते, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दरपत्रकाप्रमाणे दर लागतो आणि दर दहा दिवसांनी बिल खात्यावर जमा होते. सगळे दूध एकत्र होऊन, गावोगावच्या संस्थांचे दूध घेणाऱ्या दूध संघाच्या गाडीने जाते. संघ ते आपल्या काट्यावर पुन्हा मोजतो आणि त्या मोजणीप्रमाणे संस्थेला पैसे देतो. संस्थेच्या नोंदीपेक्षा संघाकडे दूध कमी भरले तर त्याला घट म्हणतात आणि जास्त भरले तर वाढ.

या संस्थेत वर्षानुवर्षे वाढ येत होती. वर्षाला सुमारे ४,००० लिटर, म्हणजे ३० रुपये दराने १,२०,००० रुपये. व्यापारी पत्रकात ही रक्कम ‘दूध वाढ’ या नावाने उत्पन्नाच्या बाजूला स्वच्छ लिहिलेली असे. आमच्या कामात अशी समजूत आहे की, ज्या संस्थेत घट येते तिथे काहीतरी मुरते आणि जिथे वाढ येते तिथला कारभार चोख असतो. सलग दोन वर्षे मी स्वतः त्या आकड्यावर बरोबरची खूण केली होती. सांडलवंड, भांड्याला चिकटून राहणारे दूध, वाहतूक यांमुळे दूध कमीच व्हायला हवे. ते वाढते कसे, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता आणि तो पडला नाही.

एका दशांशाची सवय आली कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी दूध मापाने मोजले जाई. लिटरचे, अर्ध्या लिटरचे आणि १०० मिलिलिटरचे माप असे. त्याखाली मोजायची सोयच नसल्यामुळे उरलेले घोटभर दूध तसेच कॅनमध्ये जाई आणि नोंदवहीत एकाच दशांशाचा रकाना असे. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला, तो १० मिलिलिटरपर्यंत दाखवू लागला, पण नोंदवहीचा रकाना तोच राहिला. नोंद करणारा ४.६८ पाहून ४.६ लिही आणि त्यात आपण काही वेगळे करतो आहोत असे त्याला वाटत नसे. सवयीमागचे कारण संपले होते, सवय तेवढी उरली होती.

कायद्याच्या दृष्टीने काटा निर्दोष होता. वैधमापन अधिनियम, २००९ आणि त्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी व मुद्रांकन करून घ्यावे लागते. ते वेळच्या वेळी झालेले होते आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले होते. काटा खरे बोलत होता. खोट होती ती काटा आणि पावती यांच्यामधल्या वीतभर अंतरात, आणि तिथवर तपासणी पोहोचत नव्हती.

प्रश्न विचारला गेला तो दिवस

सचिवांना सारे गाव आण्णा म्हणते. त्यांची २६ वर्षे नोकरी झालेली. डोळ्यांना कमी दिसू लागले म्हणून त्यांच्या हाताखाली गावातलीच, वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक मुलगी मदतनीस म्हणून घेतली. त्याच सुमारास संगणक बदलला. तो बसवायला आलेल्या माणसाने विचारले, “दशांश एक ठेवू का दोन?”

मुलगी म्हणाली, “आण्णा, काटा दोन दाखवतोय, मग दोनच ठेवूया की.”

आण्णा म्हणाले, “एकच ठेव. आजवर एकच आहे.”

एवढ्यावर तो विषय संपला असता. मार्चनंतर मी लेखापरीक्षणासाठी गेलो, तेव्हा तिने मला चहा दिला आणि सरळ विचारले, “सर, ही वाढ येते कुठनं?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्याजवळ उत्तर नसल्याचे माझ्या लक्षात आले.

हिशेब तिनेच मांडला. शेवटचा अंक शून्यापासून नऊपर्यंत कोणताही येऊ शकतो. तो नेहमी गाळायचा ठरवला तर दर मोजणीला सरासरी ४५ मिलिलिटर दूध नोंदीबाहेर राहते. २८० मोजण्यांचे दिवसाला १२.६ लिटर होतात आणि वर्षाचे जवळजवळ ४,६००. चेअरमनच्या परवानगीने तिने दहा दिवस दोन्ही आकडे वेगळ्या वहीत लिहिले. दोन दशांशांच्या नोंदीने दूध भरले ९,०१२ लिटर, एका दशांशाने ८,८८६ आणि संघाकडे पोहोचले ९,००१. म्हणजे खरी घट होती दहा दिवसांत ११ लिटर, आणि ती भरून काढण्याच्या नावाखाली कापले जात होते १२६ लिटर.

आण्णांची बाजू

आण्णांनी काहीही लपवले नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. ते म्हणाले, “साहेब, एक थेंब मी घरी नेला नाही.” ते खरे होते, पै-पैचा जमाखर्च लिहिलेला होता. वाढीच्या रकमेतून घट सोसली जाई, विजेचे बिल भागे, देवळाच्या जत्रेला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला देणगी जाई, आणि दिवाळीला आण्णांना बक्षीस म्हणून दहा हजार मिळत. महिना आठ हजार पगारावर रोज पहाटे आणि संध्याकाळी, सणवार न पाहता २६ वर्षे काम करणाऱ्या माणसाला ते बक्षीस मिळू नये, असे कोण म्हणेल? शिवाय त्यांचे म्हणणे असे की, सगळीकडे असेच चालते आणि चार थेंबांनी कुणी गरीब होत नाही.

यातला घटीचा मुद्दा दहा दिवसांच्या वहीने निकाली काढला होता. सगळीकडे असेच चालते, हे कदाचित खरे असेल. त्याने त्या बाईच्या किटलीतले ८० मिलिलिटर परत येत नाहीत. खरा विचार करण्यासारखा मुद्दा चांगल्या कामाचा होता, आणि त्यावर माझे मन बरेच दिवस हेलकावत राहिले. जत्रा गावाची, शाळा गावाची, पैसे गावातच राहतात, मग बिघडले कुठे? बिघडले ते इथे की, देणगी ज्याची असते त्याला ती दिल्याचे माहीत असते. सभेत हात वर करून लिटरला दहा पैसे जत्रेसाठी कापा, असे सभासदांनी ठरवले असते, तर तो त्यांचा धर्म झाला असता. न विचारता कापलेल्या दुधातून देणगी दिली गेली, पावतीवर नाव संस्थेचे लागले आणि ज्यांच्या दुधातून ती गेली त्यांना आपण काही दिले हेही कळले नाही. चांगल्या खर्चाने वाईट जमा शुद्ध होत नाही, हे आम्हा हिशेबनिसांना तरी कळायला हवे.

‘चार थेंब’ हा शब्द मात्र मला सर्वांत जास्त बोचला, कारण ते चार थेंब सगळ्यांना सारखे होते आणि किटल्या सारख्या नव्हत्या. गोठ्यात बारा गाई असलेला सभासद एका वेळी २० लिटर दूध घालतो. त्याचे ४५ मिलिलिटर गेले तर पाव टक्काही जात नाही. एकच गाय असलेली, घरापुरते ठेवून दीड लिटर घालणारी बाई तेवढ्याच कपातीत तीन टक्के गमावते. वर्षभर दोन्ही वेळा दूध घालणाऱ्या प्रत्येकाचे सुमारे ३३ लिटर, म्हणजे ९८५ रुपये जात होते. मोठ्या सभासदाची ती एका दिवसाच्या दुधाचीही किंमत नव्हती. त्या बाईचे दहा दिवसांचे बिल ९०० रुपयांचे होते. म्हणजे वर्षातले एक अख्खे बिल आणि वर थोडे, तिने फुकट घातले होते. गाय भाकड असली की त्या घरात वर्षातून दोनेक महिने बिलच येत नाही, हे लक्षात घेतले तर त्या एका बिलाची किंमत कळते. वाढीच्या रकमेचा बोजा ज्यांच्या लक्षातही येणार नाही अशांवर आणि ज्यांना तो सोसणार नाही अशांवर सारखाच टाकलेला होता, आणि ज्यांना सोसत नव्हता तेच विचारायला सर्वांत जास्त घाबरत होते.

सहकारी दूध चळवळ जन्मली ती नेमक्या याच दुखण्यातून, हे इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. १९४६ साली गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा संघ काढला, तो दुधाचा भाव आणि माप दुसऱ्याच्या हाती राहू नये म्हणून. पुढे १९७० पासून दुग्धक्रांतीच्या कार्यक्रमाने गावोगाव संस्था उभ्या राहिल्या. काटा आपला, सचिव आपला, चेअरमन आपला, हे त्या संस्थेचे सारे भांडवल. आपल्याच काट्यावर आपलेच दूध कमी भरत असेल, तर व्यापाऱ्याला घालून तरी काय वेगळे झाले असते?

पाण्याची गोष्ट

चौकशी सुरू असतानाच आणखी एक प्रसंग घडला. एका सभासदाच्या दुधाची डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा दाखवणारा लॅक्टोमीटरवरचा आकडा, २३ आली. चांगल्या गाईच्या दुधाची ती २८ च्या पुढे असते. पाणी घातल्याचे उघड होते. नियमाप्रमाणे दंड झाला आणि नाव फळ्यावर लागले. संचालकांपुढे उभा राहून तो म्हणाला, “तुम्ही काट्यावर कापता, आम्ही बादलीत भरतो.”

त्याचे म्हणणे चुकीचे होते. संघ एकत्र दुधाची प्रत पाहून संस्थेला दर देतो, त्यामुळे त्याच्या बादलीतले पाणी संचालकांना नाही, शेजाऱ्यांनाच महागात पडत होते. त्याचे कापले जाणारे ४५ मिलिलिटर आणि त्याने घातलेले अर्धा लिटर पाणी यांचा मेळही बसत नव्हता. पण खोलीत बसलेल्या एकालाही त्याला उलट बोलता आले नाही. दशांशाची गोष्ट गावाला आकड्यांनिशी माहीत नव्हती. आपल्याला पुरते मोजून मिळत नाही, हे मात्र प्रत्येकाला हाताच्या अंदाजाने कळत होते. घरी मापाने मोजून आणलेले दूध डेअरीत नेहमीच थोडे कमी भरते, हे ज्याला दोन हजार वेळा जाणवले आहे त्याने स्वतःपुरता एक न्याय लावून घेतला होता. शिवाय त्याचा अपराध फळ्यावर होता आणि संस्थेचा व्यापारी पत्रकात, उत्पन्नाच्या बाजूला, माझ्या सहीसह.

परत द्यायचे कसे

पुढच्या बिलापासून दोन दशांश लिहायचे, हे ठरायला दहा मिनिटेही लागली नाहीत. वाद झाला तो चालू वर्षाच्या वाढीच्या १,२०,००० रुपयांवर. संचालक मंडळाचा पहिला विचार असा होता की, दरवर्षी दिवाळीला फरक (दुधाच्या दरावर नंतर दिली जाणारी जादा रक्कम) वाटतो तसा, लिटरच्या प्रमाणात वाटून टाकावा. ऐकायला हे अगदी न्यायाचे वाटते, आणि मीही क्षणभर मान डोलावली.

मदतनीस मुलीने पुन्हा कागद पुढे केला. लिटरप्रमाणे वाटले तर वर्षाच्या सुमारे ३,२८,५०० लिटरवर लिटरला साडेछत्तीस पैसे पडतात. २० लिटरवाल्याला ५,३०० रुपयांहून अधिक मिळतात आणि दीड लिटरवालीला ४००. पण दूध कापले गेले होते ते लिटरमागे नव्हे, मोजणीमागे. मोठ्याचे जितके गेले तितकेच तिचेही गेले होते. तेव्हा परत करायचे तर मोजण्यांच्या संख्येप्रमाणेच करायला हवे. मग वर्षभर दूध घालणाऱ्या प्रत्येकाला सुमारे ८५७ रुपये येतात, त्याच्याकडे बारा गाई असोत की एक. नेहमीच्या पद्धतीने वाटणे म्हणजे लहानांकडून जमा झालेले मोठ्यांना देणे झाले असते, आणि तेही चुकीची दुरुस्ती या नावाने. मंडळातले बहुतेक जण मोठे उत्पादक होते. चेअरमन स्वतः रोज ४० लिटर घालतात. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “पोरीचं बरोबर आहे. सभेपुढं असंच ठेवा.”

सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. आण्णांनी उभे राहून दहा दिवसांची वही स्वतः वाचून दाखवली. ते कुणी त्यांना करायला सांगितले नव्हते. वाचताना त्यांचा आवाज एकदा अडला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, तेव्हा पाणी घातल्याबद्दल दंड झालेला तोच सभासद उठून म्हणाला, “आण्णाला बोलू द्या.” वाटप मोजणीप्रमाणे मंजूर झाले. आण्णांचे बक्षीस बंद करून पगार महिना दीड हजारांनी वाढवला गेला आणि तो खर्च म्हणून उघडपणे लिहायचे ठरले. जत्रेची वर्गणी ज्याची इच्छा असेल त्याच्या बिलातून, पावतीवर दाखवून कापायची असाही ठराव झाला.

या निर्णयांची किंमत संस्थेने मोजली आहे. जत्रेची वर्गणी पहिल्या वर्षी पूर्वीच्या निम्म्याने आली आणि तमाशाऐवजी भजनावर भागवावे लागले. वाढ बंद झाल्याने विजेचे बिल आता व्यवस्थापन खर्चातून जाते आणि तेवढा दिवाळीचा फरक कमी झाला. गावाच्या वेशीवर एक खासगी संकलन केंद्र आहे. ते लिटरला ५० पैसे जास्त देते आणि तिथे अजूनही एकच दशांश चालतो. २० लिटरवाल्याला तिथे प्रत्येक वेळी दहा रुपये जास्त मिळतात आणि सव्वा-दीड रुपया कापला जातो, त्यामुळे तीन मोठे सभासद तिकडे गेले. दीड लिटर घालणारा तिकडे गेला तर ७५ पैसे मिळवून एक रुपया ३५ पैसे गमावेल. ते सगळे इथेच आहेत. त्या तिघांना मी दोष देत नाही, त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर आहे. फक्त संस्थेचे रोजचे १०० लिटर दूध घटले, हे मला इथे लिहायलाच हवे.

चालू वर्षाचे पैसे वाटून झाले. मागच्या वर्षांचे काय, हा प्रश्न त्याच सभेत एका म्हाताऱ्या सभासदाने विचारला होता आणि तो ‘पुढील सभेपुढे ठेवावा’ या शब्दांत इतिवृत्तात नोंदला गेला. जुन्या वह्यांत एकच दशांश आहे, त्यामुळे कुणाचे नेमके किती गेले हे आता कुणालाही सांगता येणार नाही; कुणी किती वेळा दूध घातले, एवढे मात्र मोजता येते. रक्कम कुठून उभी करायची, हेही ठरलेले नाही. काही सभासद वारले आहेत, दोघींची मुले मुंबईला आहेत. तरीही मदतनीस मुलीने दुपारच्या मोकळ्या वेळात २०० पानी वहीत यादी करायला घेतली आहे. एका बाजूला सभासद क्रमांक, दुसऱ्या बाजूला मोजण्या. आण्णा डोळ्यांजवळ धरून जुन्या नोंदवह्या वाचतात आणि ती लिहिते. मागच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा दोघे सभासद क्रमांक ६१ वर होते.